पाच तास दहा मिनिटं

३ फेब्रुवारी, मंगळवार

खारू पडली!

सकाळी सव्वादहाला फोन. प्रोफेसरांचा — तिच्या नवऱ्याचा. एकेचाळीस वर्षांत त्यांनी आपण होऊन मला कधी फोन केलेला नाही. आम्हा बहिणींचं तासभर बोलून झालं की ती त्यांच्या हातात फोन कोंबते. मग ते दोन वाक्यं बोलतात — एक हवेचं, एक गुडघ्यांचं. आज हवेचं नव्हतं.

"ताई, ती पडली. म्हणजे — आधी डोक्यात काहीतरी झालं, मग पडली. रक्तस्राव म्हणतात. श्वासाच्या मशीनवर ठेवलंय."

आणि मी काय विचारावं? "नाश्ता केला होता का तिने?"

ते म्हणाले, "अर्धा."

अर्धा. दिवसभर तेवढंच डोक्यात घोळतंय.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी साडेआठपासून व्हिसाच्या कचेरीत. हे बरोबर होते. अर्ज मात्र माझ्या एकटीचाच. यांना बायपासनंतर डॉक्टरांनी विमान वर्ज्य केलंय. तरी फाइल छातीशी धरून असे बसले होते, जणू यांनाच जायचंय.

एकतीस वर्षं मी तिकिटाच्या खिडकीमागे बसले. काचेच्या या बाजूला उभं राहिलं की माणूस किती बुटका होतो, ते आज कळलं. आतली मुलगी माझ्या नातीच्या वयाची असती — मला नात असती तर.

"सात कामाचे दिवस लागतात, आजी."

"हॉस्पिटलचं पत्र आहे हो. बहीण मशीनवर आहे."

"पत्र जोडा ना. सात म्हणजे सातच. त्यात सोमवार-मंगळवार त्यांची सुट्टी आहे. म्हणजे सतराला धरा."

मी पत्र जोडलं. मीसुद्धा लोकांना असंच सांगायचे, ह्याच आवाजात. निघताना मागे वळून पाहिलं. तिने माझा अर्ज गठ्ठ्याच्या तळातून काढून वर ठेवला होता. मला दिसू नये अशा बेताने. पोरगी चांगली आहे!

हे बाहेर आल्यावर म्हणाले, "सतरा काय फार लांब नाही."

५ फेब्रुवारी, गुरुवार

तीन हजार नऊशे बारा किलोमीटर.

इतकी शहरं विकली मी, पण अंतरं सगळी विसरले. एवढं एक लक्षात आहे. जाताना पाच तास दहा मिनिटं, येताना पाच पन्नास. जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर.

आमचे मोठे साहेब म्हणायचे, "गिऱ्हाइकाला अंतर सांगायचं नाही, वेळ सांगायची. अंतर ऐकलं की माणूस घाबरतो. पाच तास म्हटलं की म्हणतो — हात्तिच्या, एक झोप काढली की आलंच!" मी किती जणांना तसं सांगितलं. किती आया, किती नवऱ्या मुली. एक झोप काढली की आलंच.

भाचीचा फोन. फरक नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज प्रोफेसर बराच वेळ बोलले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. वर्गात असेच बोलत असतील — सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर "म्हणजे".

डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं. ती उठणार नाही. म्हणजे डोळे उघडणार नाही, बोलणार नाही. मशीन आहे तोवर आहे. तिच्या सासूबाईंचे हाल पाहून तिने दोन वर्षांपूर्वीच कागद करून ठेवलाय. मला एका शब्दाने बोलली नाही! आपल्याला असं ठेवायचं नाही, गळ्याला छेद द्यायचा नाही, उगाच लांबवायचं नाही. सही, तारीख, सगळं.

"पण ताई, तुम्ही आल्याशिवाय आम्ही काहीही करणार नाही. म्हणजे, तिचा हात तुमच्या हातात असल्याशिवाय नाही. मी डॉक्टरांना तसं सांगितलंय."

मी म्हटलं, "थँक्यू."

थँक्यू! कॉन्व्हेंटची सवय. कुणी काही दिलं की थँक्यू. काय दिलं ते नंतर बघायचं.

७ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी भाचीने फोन तिच्या कानाशी धरला. "बोल मावशी. मी बाहेर थांबते."

काय बोलायचं? मशीनचा आवाज येत होता. सायकलच्या पंपासारखा, पण न थकणारा. मी म्हटलं, खारू, मी आहे. म्हटलं, तुझी निळी रिबीन मीच घेतली होती, सातवीत असताना, आता सांगते. म्हटलं, इकडे गच्चीच्या टाकीला पुन्हा गळती लागलीय आणि हे रोज वर जाऊन तिच्याशी गप्पा मारतात — पाणीपुरवठ्यात चाकरी केलेला माणूस, टाकी म्हणजे लेक.

मग एकदम होस्टेलची हजेरीच तोंडात आली. तिथे आम्हाला नावं नव्हतीच, कपड्यांवर लाल दोऱ्याने शिवलेले नंबर होते. मी सत्तेचाळीस, ती अठ्ठेचाळीस. संध्याकाळच्या हजेरीला मी म्हटलं की लगेच पाठोपाठ ती ओरडायची, माझा श्वास संपायच्या आत. गालात कायम काहीतरी कोंबलेलं, त्यामुळे शब्द अर्धवट. खारू हे नाव त्यावरूनच पडलं.

मी फोनमध्ये म्हटलं, "फॉर्टी-सेव्हन, प्रेझेंट, सिस्टर."

आणि थांबले.

पंपाने तीनदा हवा भरली. चारदा. मग भाची आत आली.

८ फेब्रुवारी, रविवार

"तसंच आहे," भाची म्हणाली.

तिचं पहिलं विमान आठवत बसले. लग्नाला दहा दिवस झाले होते. प्रोफेसर नोकरीवर आधीच निघून गेले होते, ही मागून एकटी. तिकिटावर लिहिलं होतं — सुटणार नऊ वाजता, पोचणार चार चाळीसला. मी बोटं मोजली. सात तास चाळीस मिनिटं. तिला सोडून घरी आले ती घड्याळासमोरच बसले. आई म्हणाली, "अगं, दोन घास खा." मी म्हटलं, "तिला तिथे काय देत असतील?" आई म्हणाली, "तिच्या गालात आठवड्याचं असेल, तू जेव."

सुटायची वेळ इथली असते आणि पोचायची तिथली, हे सांगायला आमच्या घरात कोण होतं? आमच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटांनीच ती उतरलीही होती. उतरली, बॅग घेतली, नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसली, घरी गेली, चहा करून प्यायली. आणि मी इथे चार चाळीसपर्यंत तिला आकाशात धरून बसलेली! आता ढगात असेल, आता समुद्रावर असेल. घड्याळाचा काटा हलला की मीच जरा पुढे सरकत होते. मला वाटत होतं, मी लक्ष काढलं तर विमान पडेल.

नंतर तिचं पत्र आलं. "मोठे, मला अडीच तास फुकटचं उडवलंस, आभारी आहे."

पुढच्याच महिन्यात मी तिकिटांच्या ऑफिसात नोकरी धरली. लोकांना सांगितलं घराजवळ आहे म्हणून. खरं कारण हेच. पुन्हा कुणी असं बसू नये. मी प्रत्येकाला तिकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहून द्यायचे, प्रत्यक्ष किती तास. साहेब वैतागायचे — "बाई, मागे रांग आहे!" असू दे रांग.

९ फेब्रुवारी, सोमवार

कचेरीला सुट्टी. त्यांच्या देशाचा काही आनंदाचा दिवस आहे म्हणे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज बॅग काढली. दोन्ही चाकं फिरतात, यांनी तेल घातलं. स्वेटर, औषधं, चष्म्याची दुसरी जोडी. तिची निळी रिबीन सापडली नाही, कुठे सापडणार पंचावन्न वर्षांनी!

मी घड्या घालत होते आणि हे टेबलाशी बसून कागदावर मांडत होते. नाश्त्याला काय, दिव्यांची बटणं कोणती, माझ्यामागे कसं करायचं. माणूस शहराला पाणी पुरवत होता, पण गॅसचा नॉब कोणत्या बाजूला फिरतो हे लिहून घेतो.

मग पेन वर करून म्हणाले, "तिकीट ठरवून ठेवू या, व्हिसा आला की लगेच काढता येईल. परतीची तारीख काय घालू?"

साधा प्रश्न. मी रोज शंभर वेळा विचारायचे. परतीचं कधीचं? दहा दिवस, पंधरा दिवस? लोक लगेच सांगत. क्वचित कुणी गप्प राही. मान खाली घालून म्हणे, "उघडं ठेवा." मी उघडं ठेवायचे. का, ते कधी विचारलं नाही.

माझ्या हातात तपकिरी स्वेटर होता. त्याची मी तीनदा घडी घातली.

म्हणजे असं आहे. मी उतरणार. भाची घ्यायला येणार. तिथून हॉस्पिटल चाळीस मिनिटं. मी तिचा हात हातात घेणार. आणि मग प्रोफेसर डॉक्टरांकडे बघणार.

मी पोचले की तिचं संपलं. मी पोचले नाही तोवर आहे.

यांना म्हटलं, "नंतर सांगते." हे म्हणाले, "बरं." कागदावर 'परत' लिहिलं आणि पुढे रेघ ओढून ठेवली.

कपाटावर पृथ्वीचा गोल आहे. ऑफिस बंद झालं तेव्हा काउंटरवरचा मी घरी आणला होता. आज खाली काढून पुसला. आमच्या भूगोलाच्या सिस्टर दोरा ओला करून गोलावर लावायला शिकवायच्या. इकडच्या शहरावर अंगठा, तिकडच्यावर बोट, दोरा ताणायचा, मग पट्टीवर मोजायचा. ओला दोरा सरकत नाही. खारूने वर्गात विचारलं होतं, "सिस्टर, दोरा सैल सोडला तर अंतर वाढतं का?" सगळ्या हसल्या. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही बाळ. अंतर आहे तेवढंच राहतं. दोरा जास्त लागतो."

मी शिवणाच्या डब्यातला लाल दोरा काढून लावून पाहिला. चार बोटं. अख्खं अंतर चार बोटं.

११ फेब्रुवारी, बुधवार

विशेष काही नाही. कपाट आवरलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

भाचीचा फोन. "मावशी, आला का व्हिसा?"

नाही म्हटलं.

"चौकशी तरी कर ना."

करते म्हटलं.

"आईचे हात सुजलेत गं. बांगडी कापावी लागली."

कोणती, विचारलं. पातळ की जाड. म्हणजे काय फरक पडणार होता? तरी विचारलं. "पातळ," ती म्हणाली. ती आईची होती. आमच्या आईची. एक तिला, एक मला. माझी ही समोर मनगटात आहे, लिहिताना कागदावर घासते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक इथलं, एक तिचं. दुसऱ्याला यांनी कधी घड्याळ म्हटलं नाही, "तुझी बहीण" म्हणतात. "तुझ्या बहिणीची बॅटरी संपली गं," असं म्हणत स्टूल घेऊन चढतात. आज सकाळी ते बंद पडलेलं दिसलं. सात वाजून सहा मिनिटं. हे स्टूल घेऊन आले, बॅटरी हातात, आणि चढले. नेहमीचं वाक्य बोलले नाहीत.

चढताना गुडघा कटकन वाजला. मी स्टूल धरून उभी. वरून म्हणाले, "किती करू?"

मी म्हटलं, "आपल्यापेक्षा अडीच तास पुढे."

"ते माहीत आहे गं. सेकंद."

सेकंद कशाला हवेत यांना! पण आम्ही दोघांनी लावले. सेकंदासकट.

शेजारीण विचारून गेली, कधी जाणार. तिला म्हटलं, व्हिसावर आहे सगळं, आपल्या हातात काय आहे? ती म्हणाली, "खरंय बाई. सरकारी कामाला इलाज नाही." दार लावून घेतलं. माझी मलाच शरम वाटली.

तशी मी खोटं बोलणारी नाही. होस्टेलात रात्रीच्या प्रार्थनेआधी दिवसातलं खोटं मोजायला लावत. खारूचं कधी दोन, कधी पाच. माझं शून्य. ती म्हणायची, "मोठे, तू सगळी मोठेपणासाठी राखून ठेवलीयस."

१४ फेब्रुवारी, शनिवार

भाची आज चिडली. एरवी गोड पोरगी — लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे, रडणाऱ्यांना हसवायची सवय. आज स्वतःच रडत होती.

तोंडातली नळी इतके दिवस ठेवता येत नाही म्हणे. तिथे जखमा होतात. डॉक्टरांनी सोमवार संध्याकाळपर्यंत सांगा म्हटलंय. गळ्याला छेद देऊन दुसरी नळी बसवायची, किंवा आता थांबायचं. मधलं काही नाही.

"आणि बाबा काय म्हणतायत माहितीय? छेद द्या! ताई यायच्यात, व्हिसा सतराला मिळेल, तोवर तिला टिकवायला हवं. मावशी, आईने कागदावर लिहिलंय, गळ्याला छेद नाही. दोन रेघा मारल्यात खाली! मी दाखवला बाबांना. ते म्हणतात, 'म्हणजे, ताईंना शब्द दिलाय.' तू सांग ना त्यांना. तुझंच ऐकतील."

मी म्हटलं, "बघते."

"बघते काय, मावशी! तिकिटाच्या खिडकीवर बसलीयस का तू?"

तिचं चुकलं नाही. मी तशीच म्हणाले होते, खिडकीवरच्या आवाजात. नंतर तिने "सॉरी" म्हटलं. फोन ठेवल्यावर किती वेळ तिथेच उभी होते. गळ्याशी हात गेला होता माझा.

खारूचा गळा. होस्टेलात घसा बसला की मफलर माझा घ्यायची. स्वतःचा असून. माझाच गरम असतो म्हणे.

१५ फेब्रुवारी, रविवार

आता लिहिते.

व्हिसा आलाय. बुधवारी आला. अकराला, सकाळी, हे वाचनालयात गेले होते तेव्हा. कुरिअरवाल्याने दार वाजवलं, मी सही केली, तो म्हणाला, "लवकर आलं की तुमचं!" त्या खिडकीतल्या मुलीने केलं असणार. तातडीचा शिक्का मारलेला होता. तिचं भलं होवो. तिला काय ठाऊक, तिने माझ्या हातात काय दिलं.

मी पासपोर्ट शिवणाच्या डब्यात ठेवला, दोऱ्यांच्या खाली. कपाट आवरलं. इथेसुद्धा लिहिलं नाही. ही वही मी कुणाला दाखवत नाही, तरी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर आलेला झाला असता. चार दिवस तो आलेला नव्हता आणि चार दिवस खारू होती.

आज दुपारी मी जरा पडले होते. उठून बाहेर येते तर हे जेवणाच्या टेबलाशी, समोर शिवणाचा डबा उघडा, मांडीवर सदरा. म्हणाले, "बटण तुटलं. लावत होतो."

चाळीस वर्षांत यांनी बटण लावलेलं नाही! सदऱ्याची सगळी बटणं जागेवर होती. टेबलावर लाल दोऱ्याचं रीळ आणि त्याच्या शेजारी पासपोर्ट, त्या पानावर उघडलेला.

मग हे सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत राहिले. चष्मा कपाळावर, दोरा भलतीकडेच. मी सुई घेतली, ओवून दिली. यांनी ती घेतली आणि तशीच टेबलावर ठेवली.

"गुरुवारी कचरा टाकताना कुरिअरचं पाकीट दिसलं होतं मला," म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"मी काय बोलणार? माझी असती बहीण तर मी पासपोर्ट टाकीत बुडवला असता."

मला हसू आलं आणि मग हसू नव्हतंच ते. यांनी खुर्ची जवळ ओढली. पाठीवर हात ठेवला. व्हॉल्व्ह बघतात तसा — दाबून, थांबून.

"तुमची ती भाषा तिथे कुणाला येते का?" म्हणाले. "म्हणजे होस्टेलातली."

"नाही."

"मग तिथे तिच्या कानात कोण बोलणार ती लहानपणची बडबड? नंबर-बिंबर? प्रोफेसर 'म्हणजे' म्हणत बसतील."

थोड्या वेळाने खिशातून कागद काढला. "उद्या सकाळी नऊचं आहे. तूच म्हणायचीस ना — अंतर सांगायचं नाही, वेळ सांगायची. पाच तास दहा मिनिटं."

"आणि परतीचं?"

"उघडं ठेवलंय."

संध्याकाळी मी प्रोफेसरांना फोन केला. पहिल्यांदाच मी त्यांना. म्हटलं, छेद देऊ नका. तिने रेघा मारल्यात ना, मग नाही म्हणजे नाही. मी उद्या येते.

"व्हिसा सतराला होता ना?"

"आलाय."

"कधी आला, ताई?"

"आला."

मला ऐकू येत होता तोच पंप, त्यांच्या मागे, बारीक. त्यांना कळलं असेल का? शिकवणारा माणूस, समोरचं पोर खोटं बोलतंय हे ओळखून सोडून देणारा. चार दिवस ते तिथे त्या खुर्चीवर बसले होते, तिची बांगडी कापली गेली, तोंडात जखमा झाल्या, आणि मी इथे डब्यावर झाकण लावून. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "हवा बरी आहे इथे. स्वेटर लागणार नाही." आणि मग, "तुमचे गुडघे कसे आहेत?"

मी म्हटलं, "येईन चालत."

स्वेटर तरी बॅगेत ठेवला. मफलरही.

१६ फेब्रुवारी, सोमवार. विमानात

नऊ वाजून पाच मिनिटांनी सुटलं. खिडकीची जागा, यांनी मुद्दाम मागून घेतली. दाराशी मला सोडताना म्हणाले, "एक झोप काढ की आलंच." आणि लगेच तोंड फिरवलं.

झोपले नाही. ढग झाले, आता खाली समुद्र आहे. मनगटावरचं घड्याळ अजून घरच्याच वेळेवर.

आत्ता वैमानिक बोलला. आवाज अगदी तरुण, खूश. वारा पाठीशी जोरात आहे, आपण पंचवीस मिनिटं आधी पोचू.

शेजारच्या बाईने माझ्या हातावर थोपटलं. "बरं झालं की नाही! घ्यायला आलेल्यांना तेवढं कमी थांबावं लागेल."

मी म्हटलं, "थँक्यू."